गोळ्या संपण्याची तारीख

जुन्या सातारा जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या पटवर्धनी संस्थानांत वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या आजारांवर उपचार करण्याची पहिली ठिकाणं गावाबाहेर होती. पाचगणीला डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम उभारलं. मिरजेत अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. त्याच कामातून पुढे कुष्ठरोग्यांचा आश्रम निघाला आणि क्षयाचं वेगळं रुग्णालयही निघालं. सांगली आणि मिरज यांच्यामधल्या त्या वस्तीला आज सगळे वानलेसवाडी म्हणतात.

दोन्हीकडचा क्षयाचा उपचार साधारण एकच होता: मोकळी हवा, अंथरुणावर विश्रांती, दूध, अंडी आणि महिनोन्‌महिने मुक्काम. आजार लांबला की माणूस घर सोडून आजाराकडे राहायला जायचा. ज्यांना तेवढे पैसे नसत किंवा ज्यांच्यामागे शेत आणि लेकरं असत, ते घरीच खंगत. औषध वेळेवर घेतलं का, हा प्रश्नच तेव्हा नव्हता, कारण क्षयावर घेण्यासारखं औषध नव्हतं.

ते १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपानं आलं आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिडची गोळी आली. मग १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केमोथेरपी केंद्राचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना वर्षभर आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरांतच ठेवून तीच औषधं दिली होती. गुण जवळपास सारखाच आला आणि घरातल्या इतरांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नाही. क्षयाच्या जगभरच्या उपचाराला या निष्कर्षानं वळण दिलं. खाटा हळूहळू रिकाम्या झाल्या आणि उपचार घरी आला.

मी फार्मासिस्ट आहे. कोरेगावात वाढले, कऱ्हाडला शिकले आणि लग्नानंतर निम्म्याहून जास्त आयुष्य सांगलीच्या गणपती पेठेत औषधाच्या दुकानात काढलं. वयाच्या या टप्प्यावर मागे पाहताना मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. आरोग्यधामात रुग्णावर रोज नजर ठेवायला परिचारिका होत्या. उपचार घरी आला तेव्हा ती नजर कुणी ठेवायची, हे कुणी ठरवलंच नाही. डॉक्टर रुग्णाला दोन-तीन महिन्यांनी बघतात. घरच्यांना गोळ्यांची नावं माहीत नसतात. महिन्याच्या महिन्याला ज्याच्यासमोर तो माणूस हटकून उभा राहतो, तो मेडिकलवाला. आमच्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत हे काम काउंटरवर कसं येत गेलं, त्याचा हा इतिहास आहे. तो लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं, कारण जे काम कुठे लिहिलेलं नसतं त्याला कुणी जागाही देत नाही.

सुरुवात कंपाउंडरपासून करते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कोरेगावात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. डॉक्टरांच्या खोलीला लागून एक अरुंद खोली आणि तिला बाहेर उघडणारी खिडकी. चिठ्ठी आतल्या दारातून यायची आणि औषध खिडकीतून जायचं. बाटली रुग्णानं घरून धुऊन आणायची. अण्णा कागदाची पट्टी दुमडून तिच्या कडेला कात्रीनं खाचा पाडत आणि ती खळीनं बाटलीवर चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही खाच कळायची. पुड्यांची औषधं खलात घोटून चौकोनी कागदांवर सारखी वाटली जायची. मलम काचेच्या पाटीवर लांब पात्याच्या सुरीनं एकजीव व्हायचं. अण्णांच्या बोटांना कायम आयोडीन आणि बडीशेपेच्या अर्काचा वास असे.

बहुतेक रोगी दोन-तीन दिवसांचे असत. ताप, हगवण, खोकला, नारू, खरूज. पण थोडेसे कायमचेही होते. फिट येणाऱ्या मुलाला फेनोबार्बिटोन, दम्याला इफेड्रिन, हृदयाच्या दुखण्याला डिजिटालिस. मिक्स्चर आठवड्याच्या वर टिकत नसे, म्हणून या लोकांना दर आठवडी बाजाराच्या दिवशी खिडकीशी यावंच लागे. आलं की अण्णा विचारत, "पोराला परत फिट आली काय?" आणि उत्तर आतल्या दारातून डॉक्टरांना कळवत. ही तपासणी कुणी आखलेली नव्हती. औषध लवकर नासतं, या साध्या कारणानं ती होत होती. पुढे कारखान्यांच्या टिकाऊ गोळ्या आल्या. माणूस महिन्याचा साठा एकदम नेऊ लागला, आणि दर आठवड्याचं ते विचारणं बंद पडलं. गोळ्यांच्या पाकिटानं फायदा फार केला. त्याच्यासोबत गेलेली ही एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही.

दरम्यान कायदा घडत होता. नकली आणि निकृष्ट औषधांचा सुळसुळाट झाल्यामुळे सरकारनं १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढच्याच वर्षी तिनं अहवाल दिला. औषधांवर नियंत्रण हवं आणि औषधं तयार करून देणारा माणूस शिकलेला, नोंदणी असलेला हवा, असं तिचं सांगणं होतं. त्यातून १९४० चा औषध कायदा आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फार्मसी कायदा आला. पहिल्या नोंदवहीत अनुभवी कंपाउंडरांनाही जागा होती: दवाखान्यात किंवा रुग्णालयात निदान पाच वर्षं औषधं बनवल्याचा अनुभव हवा. अण्णा त्याच तरतुदीतून रजिस्टर्ड फार्मासिस्ट झाले. ते प्रमाणपत्र त्यांनी देवघराशेजारच्या भिंतीवर चौकटीत लावलं होतं. त्याच सुमारास, १९४९ मध्ये, सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली-मिरजेकडची संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. अण्णा मात्र शेवटपर्यंत मला "दक्षिण साताऱ्यात दिलेली लेक" म्हणत.

या कायद्यानं धंद्याला इज्जत दिली, हे मी कृतज्ञतेनं सांगते. पण त्यानं फार्मासिस्टची ओळख ठरवली ती औषध बनवण्यावरून आणि देण्यावरून. औषध देऊन झाल्यावर रुग्णाचं काय होतं, याबद्दल त्यात काही नव्हतं. १९४८ मध्ये ते साहजिकच होतं. आयुष्यभर घ्यायच्या गोळ्या तेव्हा फारशा नव्हत्याच.

त्या आल्या १९५० नंतर, आणि रक्तदाबाच्या बाबतीत त्यांची मुळं आपल्याच मातीत होती. सर्पगंधेची मुळी वैद्यांना पूर्वापार ठाऊक होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये, रक्तदाबावर ती कशी लागू पडते, हे रुग्णांच्या नोंदींसह मांडलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रेसर्पिन वेगळं झालं आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. मग ॲडेल्फेनसारख्या रेसर्पिनच्या गोळ्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या. दाब खाली येई, पण काही माणसं उदास होत. असे एक गुरुजी अण्णांच्या खिडकीशी येत. पूर्वी ते पाच मिनिटं गप्पा मारल्याशिवाय जात नसत. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत ते मान खाली घालून पाकीट घेऊन जाऊ लागले. अण्णांनी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि डॉक्टरांनी गोळी बदलली. रेसर्पिननं काहींना नैराश्य येतं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. अण्णांना ते गुरुजींच्या चेहऱ्यावर दिसलं होतं. मी हा धंदा का निवडला, असं कुणी विचारलं की मला हेच आठवतं.

कऱ्हाडचं शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय १९६५ मध्ये सुरू झालं. विद्यानगरच्या त्या वर्गात मी डिप्लोमा केला तेव्हा मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. काष्ठौषधींची ओळख, औषधांचं रसायन, कायदे, मिक्स्चर आणि इमल्शनं हे सगळं आम्हाला कसून शिकवलं गेलं. रुग्णाशी काय आणि कसं बोलायचं, हा भाग त्या काळी देशभरच्या अभ्यासक्रमातच नव्हता. तो मी दोन ठिकाणी शिकले: अण्णांच्या खिडकीत आणि सासऱ्यांच्या उधारीच्या वहीत.

उधारीच्या वहीची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. सांगलीकडच्या शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो उसाचं बिल निघालं की, नाहीतर हळद विकली की. मधले महिने सगळं वहीवर चालतं. औषधंसुद्धा. सासरे दर गिऱ्हाइकाच्या पानावर तारीख, औषध, नग आणि रक्कम लिहीत. हिशेब तपासायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला त्या पानांत पैशांपलीकडचं काहीतरी दिसायला लागलं. रोज एक याप्रमाणे तीस गोळ्या नेणारा माणूस पंचेचाळिसाव्या दिवशी परत आला, म्हणजे मधले पंधरा दिवस त्याच्या पोटात गोळीच गेलेली नाही. डॉक्टरांना तो सांगणार, "रोज घेतो की." डॉक्टर दाब मोजणार, वाढलेला बघणार आणि डोस वाढवणार. खरं दुखणं वहीत लिहिलेलं होतं आणि डॉक्टरांपाशी वही नव्हती.

मग मी वेगळी वही घातली. शुगर, बीपी, फिट, दमा, थायरॉइड, हृदय अशा कायमच्या औषधांची. नाव, गाव, औषध, डोस, किती दिवसांचं दिलं आणि गोळ्या कधी संपणार ती तारीख. तारीख उलटून आठवडा गेला तरी माणूस दिसला नाही की त्याच्या गावच्या दूधवाल्याकडे किंवा भाजीवालीकडे निरोप द्यायचा. पुढे फोन आले तसं काम सोपं झालं.

माणसं औषध का सोडतात, हे त्या वहीनं मला शिकवलं. पैसा हे एक कारण, पण एकमेव कधीच नव्हतं. "आता बरं वाटतंय" हे त्याहून मोठं. बीपी दुखत नाही, शुगर सुरुवातीला दुखत नाही. दुखत नाही त्याला औषध घ्यायचं, हे कष्ट करणाऱ्या माणसाच्या हिशेबात बसत नाही. त्यात उपवास असतात. संकष्टी, एकादशी, नवरात्र, मिरजेकडच्या गिऱ्हाइकांचे रोजे. उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाल्ली की साखर चढते, आणि ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी घेऊन निर्जळी उपवास धरला की साखर धोकादायक उतरते. दरदरून घाम, हातापायाला कापरं, डोळ्यांपुढे अंधारी. देवाला सोडा असं मी कधी कुणाला म्हटलं नाही. रोजे यायच्या आधी आणि श्रावण लागण्याआधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या, एवढं मात्र प्रत्येकाला सांगितलं.

वारीचंही तसंच. माउलींची पालखी लोणंदला येते, तरडगाव, फलटण करत पुढे जाते. माझ्या माहेरचे कितीतरी मधुमेही वारकरी तिच्यासोबत चालत. घरून निघताना औषधं पुरेशी हवीत, अनवाणी चालू नये, पायाला फोड आला तर त्याच दिवशी दाखवावा, कमरेच्या पिशवीत खडीसाखर ठेवावी. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते. फोड दुखत नाही, चिघळतो, आणि वारी पुरी करून आलेल्या माणसाचा पाय वाचवायला मिरजेच्या रुग्णालयात न्यावं लागतं. हे टाळणारं बोलणं दोन मिनिटांचं असतं.

साखर तपासण्याचीही एक जुनी रीत होती, आजच्या पिढीनं ती पाहिलेली नाही. ग्लुकोमीटर यायच्या आधी आम्ही बेनेडिक्टचं निळं द्रावण बाटलीतून देत असू. लिटरला १७.३ ग्रॅम मोरचूद, १७३ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १०० ग्रॅम सोडियम कार्बोनेट, हे प्रमाण मला आजही पाठ आहे. परीक्षानळीत पाच मिलिलिटर निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी असा रंग चढत गेला की साखर वाढलेली. बायका ही तपासणी चुलीपाशी करत आणि रंग लक्षात ठेवून मला येऊन सांगत. "ताई, कालचं हळदीसारखं आलं, आज विटेसारखं." तो रंग मी वहीत त्यांच्या नावापुढे लिहायची, आणि डॉक्टरांकडे जाताना कागदावर उतरवून त्यांच्या हातात द्यायची.

इन्सुलिननं तर फार्मासिस्टची खरी परीक्षा घेतली. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिट असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटची सिरिंज वेगळी, नारिंगी टोपीची. कुणी घाईत नारिंगी टोपीची सिरिंज नेली आणि कुपीतलं इन्सुलिन तिच्या ४० च्या खुणेपर्यंत भरलं, तर पोटात जातात फक्त १६ युनिट. उलट १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर जातात ५० युनिट, आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. कुपी आणि सिरिंज एकमेकींशी जुळतात का हे पाहणारं शेवटचं माणूस म्हणजे काउंटरवरचं माणूस. त्यानंतर थेट सुई. शिवाय इन्सुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचं. जत-आटपाडीकडच्या वस्त्यांवर तेव्हा फ्रिज कुठला? बाटली दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये राहायची, नाहीतर एका मडक्यात दुसरं मडकं, मधे ओली वाळू आणि आतल्या मडक्यात चालू कुपी. फ्रिजएवढा गारवा त्यात येत नाही, पण उन्हाळ्याच्या झळांपासून चालू बाटली बचावते. मी कितीतरी घरांना हे करून दाखवलं.

साताऱ्याकडच्या घरांचा आणखी एक प्रश्न मुंबईशी जोडलेला होता. पाटण, जावळीची कितीतरी कर्ती माणसं मुंबईच्या बाजारांत आणि गोद्यांत माथाडी. आई गावी, मुलगा मुंबईला. मुलगा एसटीनं औषधाचं पार्सल पाठवी आणि आई इथल्या डॉक्टरांचीही औषधं घेई. अशा एका आजी लेकीकडे सांगलीला आल्या आणि पिशवी माझ्यापुढे उपडी केली. दोन वेगळ्या रंगांची, दोन वेगळ्या नावांची पाकिटं होती, आणि दोन्हींत अम्लोडिपिनच होतं. एक सकाळी, एक रात्री, रोज दुप्पट. त्यांचे पाय सुजले होते आणि त्या सुजेवर तिसरी गोळी सुरू झाली होती. मी लेकीसोबत त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. एक पाकीट थांबलं, काही दिवसांत सूज उतरली आणि तिसऱ्या गोळीची गरजही संपली. औषधांची पिशवी उपडी करून बघणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

क्षयाकडे परत येते, कारण त्याच्यापासूनच ही वाट सुरू झाली. उपचार घरी आला, पण सहा-सहा महिने गोळ्या घेणं फार अवघड जातं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं आणि माणूस औषध सोडतो. मग जंतू औषधाला दाद देईनासे होतात. रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते, हे कुणी आधी सांगितलं नाही तर रक्त जातंय असं समजून रुग्ण घाबरतो आणि बंद करतो. एका वाक्याच्या अभावी उपचार मोडतो. सरकारनं हे ओळखलं, पण सावकाश. १ मार्च २०१४ पासून क्षयाची औषधं एच-वन या अनुसूचीत आली. ती देताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग वेगळ्या नोंदवहीत लिहिणं आणि ती वही तीन वर्षं जपणं बंधनकारक झालं. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्राच्या अधिसूचनेनं औषध दुकानांवरही क्षयरुग्ण कळवण्याची जबाबदारी टाकली. माझ्या दृष्टीनं हा मोठा क्षण होता. वही ठेवा, असं सरकारनं प्रथमच एका लांबणाऱ्या आजारासाठी आम्हाला सांगितलं.

वहीचं मोल सांगलीनं ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाहिलं. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पेठेत पाणी, दुकानात पाणी, वीज नाही, फ्रिज बंद. माणसं नेसत्या कपड्यांनिशी शाळांतल्या निवारा केंद्रांत पोचली. त्यांची पाकिटं, फायली, चिठ्ठ्या सगळं वाहून गेलं. डॉक्टर विचारत, "कुठली गोळी चालू आहे?" आणि उत्तर येई, "पांढरी, बारकी, सकाळची." पांढऱ्या बारक्या गोळ्या शंभर प्रकारच्या असतात. पाणी चढताना मी वह्या घेऊन वर गेले होते. त्यापुढचे दिवस मी फोनवर नावं आणि गावं ऐकून औषध आणि डोस सांगत होते, आणि केंद्रातले डॉक्टर त्याप्रमाणे लिहून देत होते. शुगर, बीपी, फिटच्या औषधात पुराचा आठवडा खंड पडला तर पाण्यातून वाचलेला माणूस अर्धांगानं किंवा फिटेनं जाऊ शकतो. मदतीच्या ट्रकांतून कपडे, बिस्किटं, पाणी भरपूर आलं. रोजच्या गोळ्या मात्र कुणाला काय लागतात हे माहीत असल्याशिवाय पाठवताच येत नाहीत.

हेच काम सरकारी पातळीवर नीट आखून करता येतं, याचा पुरावा माझ्या माहेरच्या जिल्ह्यात आहे. रक्तदाब नियंत्रणासाठी केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून जो देशव्यापी उपक्रम हाती घेतला, त्याच्या पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले मोजके जिल्हे होते. महाराष्ट्रातून भंडारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि सातारा. रीत साधी होती. सगळ्यांसाठी ठरलेला एकच उपचारक्रम, म्हणून अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशी थोडीच औषधं लागतात आणि त्यांचा साठा संपू न देणं शक्य होतं. प्रत्येक रुग्णाचं कार्ड, एका वेळी महिन्याचं औषध, आणि न येणाऱ्याला निरोप. कोरेगावकडची माझी भावजय प्राथमिक आरोग्य केंद्रातून असं कार्ड घेऊन आली. तिथल्या औषध निर्माण अधिकाऱ्यांनी त्यावर पुढची तारीख लिहिली होती. ते कार्ड हातात घेतल्यावर मला फार आनंद झाला. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

जगातही हेच सिद्ध होत आलं आहे. अमेरिकेतल्या ॲशव्हिल शहरानं १९९० च्या दशकात आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांना गल्लीतल्या फार्मासिस्टशी जोडून दिलं आणि त्या भेटींचे पैसे फार्मासिस्टला दिले. साखर आटोक्यात आली आणि एकूण खर्चही घटला. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांच्या ५२ केशकर्तनालयांत झालेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही दुकानांत फार्मासिस्ट जाऊन बसले आणि डॉक्टरांच्या संमतीनं तिथंच औषधं ठरवू लागले. सहा महिन्यांत त्यांच्या रुग्णांचा वरचा दाब सरासरी २७ अंकांनी उतरला. जिथं फक्त सल्ला दिला गेला तिथं तो ९ अंकांच्या आसपास उतरला.

आपल्या देशात ही गरज किती मोठी आहे ते आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनं दाखवलं: दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि एकतीस कोटींहून अधिक उच्च रक्तदाबाचे लोक. या सगळ्यांना दर महिन्याला डॉक्टरांनी पाहणं शक्य नाही. औषधाचं दुकान मात्र जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहे.

कायद्यानं वाट मोकळी केली आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं आणि त्याच्या नोंदी ठेवणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलं. त्याआधी, २०१२ च्या सुमारास, अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर हवाच, यासाठी राज्यभर धडक मोहीम घेतली. धंद्यात तेव्हा फार नाराजी पसरली. मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते, ती मोहीम योग्य होती. परवाना भिंतीवर आणि फार्मासिस्ट घरी, अशा दुकानात ना कुणी सिरिंज तपासणार, ना कुणी पिशवी उपडी करणार. जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा औषध देऊ नये, डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तरच द्यावं, हा नियमही आमच्या कामाच्या बाजूचा आहे. त्यामुळे चिठ्ठी जुनी झाली की आम्ही रुग्णाला हक्कानं डॉक्टरांकडे परत पाठवू शकतो.

उरतं ते एवढंच: या कामाला वेळ, जागा आणि मोबदला देणं. आज दुकानाची कमाई विकलेल्या पाकिटावर ठरते. पाच मिनिटं बोलून एक नको असलेली गोळी बंद करायला लावणाऱ्या फार्मासिस्टचं त्यात नुकसानच होतं. सरकारी योजना आणि विमा यांनी या बोलण्याची, या नोंदीची किंमत धरली पाहिजे. आरोग्य केंद्रातलं कार्ड आणि खासगी दुकानातली वही एकमेकांशी जोडली गेली पाहिजे, म्हणजे रुग्ण कुठूनही औषध घेवो, खंड पडला की कुणाला तरी कळेल. कऱ्हाडला, सांगलीला, साताऱ्याला आज शेकडो मुलं-मुली फार्मसी शिकतात. त्यातली जी काउंटरवर उभी राहतील त्यांना माझं मनापासून सांगणं आहे: सरकारच्या पुढच्या नियमाची वाट पाहू नका. दुकान उघडाल त्या दिवशी एक वही घाला. नाव, गाव, औषध, डोस, किती दिवसांचं दिलं, आणि गोळ्या संपण्याची तारीख. ती तारीख उलटली की त्या माणसाला स्वतः फोन करा.